काळ्या मातीत नाणं कोणतं अन् झाकण कोणतं, मशीनवर कसं ओळखायचं?

रिठावरचं वावर (ता. मानोरा)

राम राम मंडळी.

आमचं वावर मानोरा तालुक्यात एका रिठाला, म्हणजे उठून गेलेल्या गावाच्या जागेला, लागून आहे. गाव कधी उठलं, का उठलं, हे आजोबांनाही सांगता येत नव्हतं. वखर फिरला की खापराचे तुकडे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे अजूनही वर येतात. वडिलांना तरुणपणी याच वावरात तांब्याचा एक जाड, ओबडधोबड पैसा सापडला होता. आईनं तो देवघरात ठेवला आहे. त्यावर "श्री राजा शिव" एवढं वाचता येतं.

पुण्याला असलेल्या भाच्यानं त्याचं जुनं मेटल डिटेक्टर मला दिलं. साधं आहे. डबल-डी कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती), स्क्रीनवर 0 ते 99 आकडा, लोखंडाला घोगरा आवाज, बाकी धातूला बारीक. हरभरा निघाल्यापासून वावर मोकळं आहे, म्हणून ऊन चढायच्या आत फिरून येतो. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहिले, पण ते सगळे विलायतेतल्या गवताळ जमिनीवरचे. तिथली नाणी वेगळी, माती वेगळी, कचराही वेगळा.

माझ्या अडचणी अशा:

साधं लोखंड मला आता आवाजावरून कळतं. बैलाच्या नालेचे खिळे, वखराच्या पासेचे तुकडे, काटेरी तार. पण आकडा 70 ते 80 च्या मधात स्थिर आला, आवाज गोड आला, की हमखास निघतं देशी दारूच्या बाटलीचं झाकण. धुऱ्यावर बसणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फेकलेली ही झाकणं नांगरटीनं पार मधापर्यंत पसरली आहेत. नाणं आणि झाकण यांच्यात फरक कसा करायचा?

दुसरं, खिशातला एक रुपया अंगणात टाकून पाहिला. मशीन कधी त्याला लोखंड म्हणते, कधी एकदम 85 वर उडी मारते. लोखंड गाळायची सेटिंग लावली की रुपयावर मशीन गप्पच बसते. हे असं काहून?

तिसरं, एका जागी उत्तर-दक्षिण फिरवलं तर छान आवाज येतो, पूर्व-पश्चिम फिरवलं तर घोगरा. तिथं अजून खणलं नाही, पळसाची फांदी खोचून ठेवली आहे.

मला हंडे-गुंडे नकोत. या रिठावर कोण राहत होतं, त्यांच्या हातातून काय फिरत होतं, हे कळावं अशी फार इच्छा आहे. जाणकारांनी सांगावं.

धामणगावचा भाऊ

भाऊ, वावर सोताचंच हाय ना? अन् थे रिठाची पांढरी (जुन्या वस्तीची जागा) कोनाच्या नावावर हाय? आधी थे सांग. मंग मशीनीचं पाहू. किती किलोहर्ट्झची हाय, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा सोताचा आवाज गाळनं) हातानं करता येते का, थेही लिव.

रिठावरचं वावर

वावर वडिलांच्या नावावर आहे. पांढरी सरकारी आहे, तिथं मी मशीन घेऊन पाय ठेवत नाही. आमच्या धुऱ्याच्या आतच फिरतो. मशीन एकाच फ्रिक्वेन्सीची, 8 किलोहर्ट्झची. ग्राउंड बॅलन्सचं बटण आहे, पण मी त्याला हात लावलेला नाही.

मोटार मिस्त्री (कारंजा लाड)

भाऊ, शांतपणे लिहितो, थोडं लांबेल.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. मोनोब्लॉक, सबमर्सिबल, जे येईल ते. तांब्याच्या वेटोळ्यांतच दिवस जातो, म्हणून डिटेक्टरची ओढ लागली. सोयाबीन सोंगताना, कापूस वेचताना बायांची जोडवी पडतात, पोतीतले मणी पडतात, कानातलं पडतं, तेव्हा आजूबाजूच्या गावांतून मला बोलावणं येतं. गरिबाच्या घरातला सोन्याचा एक मणी म्हणजे एका हंगामाची कमाई असते. तो परत हातावर ठेवता आला की मला झोप चांगली लागते. त्यामुळे कचऱ्यातून कामाची वस्तू काढायची कशी, हा माझ्याही रोजचाच प्रश्न आहे.

आधी एक गोष्ट पक्की धरा. मशीन नाणं ओळखत नाही. कॉइलमधल्या एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह जातो. तुमच्या मशीनमध्ये तो सेकंदाला 8 हजार वेळा आवर्तन पुरं करतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र मातीत शिरतं आणि वाटेत धातू आला की त्या धातूत गोल फिरणारे प्रवाह उठतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, ते दुसरं वेटोळं ऐकतं. हे उत्तर मूळ लाटेच्या किती मागे पडलं, त्यावरून मशीन आकडा काढते. तांबं किंवा चांदी जाड असली की आत उठलेला प्रवाह जास्त वेळ टिकतो, उत्तर जास्त मागे पडतं, आकडा वर जातो. पन्नीसारख्या पातळ धातूत तो लगेच मरतो, आकडा खाली राहतो. लोखंड चुंबकाला धरणारं, त्याचं उत्तर वेगळ्याच दिशेला जातं.

म्हणजे आकड्यात धातू, जाडी, आकार आणि पसारा हे सगळं एकत्र मिसळलेलं असतं. ॲल्युमिनियमचं गोल झाकण आणि ब्राँझचा पैसा, दोन्ही फिरून एकाच घरात येऊन बसू शकतात. तुमच्या 70 ते 80 च्या गोंधळाचं कारण हेच.

आता रुपयाचं. आपल्याकडे 1992 पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला. हे स्टील चुंबकाला चिकटतं. घरात स्पीकरचा चुंबक असेल तर लावून पहा. 1988 पासूनचे स्टीलचे दहा, पंचवीस, पन्नास पैसेही तसेच. चुंबकाला धरणारी चपटी गोल चकती मशीनला दोन्ही बाजूंनी ओढते, एकीकडे लोखंड म्हणून आणि दुसरीकडे चांगला धातू म्हणून. म्हणून तुमचा आकडा उड्या मारतो. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच असंच वागतं. रुपयानं मशीन तपासली की मन उगाच खट्टू होतं. तपासायला घरातलाच जुना तांब्याचा किंवा ब्राँझचा पैसा घ्या.

जुन्यातही सगळं सरळ नाही. 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, आणि निकेल चुंबकाला धरतं. 1957 ला दशमान पद्धत आली, त्यानंतरचे सुरुवातीचे पंचवीस आणि पन्नास पैसेही निकेलचेच. मग आले ॲल्युमिनियमचे पैसे: चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे. हे झाकणाचेच सख्खे भाऊ, आणि इथं मी खोटी आशा दाखवणार नाही. अख्खं, न चेपलेलं झाकण आणि ॲल्युमिनियमचे दहा पैसे यांना कोणतीही साधी मशीन वेगळं करून सांगणार नाही. खणावंच लागतं.

पण तुम्हाला ज्या काळाचं पाहिजे, त्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. शिवराई तांब्याची आणि जाड. इंग्रजांचा जुना पाव आणा तांब्याचा. राणी छाप आणि 1940 च्या आधीचा राजा छाप रुपया चांदीचा, 11.66 ग्रॅमचा, शेकडा 91.7 चांदी. ही मंडळी झाकणाच्या वर बसतात. माझ्या मशीनची पट्टीही 0 ते 99 आहे. तिच्यावर तांब्याचा जाड पैसा ऐंशीच्या घरात आणि चांदीचा रुपया नव्वदच्या पुढे येतो. तुमच्या मशीनवर थोडा फरक पडेल, म्हणून आईच्या देवघरातली शिवराई मागून घ्या, धातू नसलेल्या जागी जमिनीवर ठेवा, चारी बाजूंनी कॉइल फिरवा आणि येईल तो आकडा वहीत लिहा. मग तीच एका झाकणावर, एका चेपलेल्या झाकणावर, गोळ्यांच्या पाकिटाच्या पन्नीवर, जुन्या बॅटरीच्या सेलवर, मोटारीच्या तारेच्या तुकड्यावर करा. ही वही व्हिडिओंपेक्षा जास्त कामी येईल, कारण ती तुमच्या मशीनची आणि तुमच्या कचऱ्याची आहे.

आता वावरात आवाज आला की मी काय करतो ते सांगतो.

पहिल्यांदा कॉइल थांबवत नाही. छोट्या झोक्यानं, वीतभर इकडे वीतभर तिकडे, जमिनीला समांतर ठेवून फिरवतो. झोक्याच्या शेवटी कॉइल वर उचलली गेली तर आकडा खोटा येतो, आणि नव्या माणसाचा हात हमखास उचलला जातो. मग स्वतः पाव फेरी फिरून त्याच जागी आडवं मारतो. नाणं सपाट पडलेलं असेल तर दोन्ही दिशांनी आकडा एक-दोनच्या फरकानं तोच राहतो, आवाजाला सुरुवात आणि शेवट स्वच्छ असतो. चेपलेलं झाकण एका दिशेनं 74 तर दुसऱ्या दिशेनं 68 म्हणतं, आणि आवाजाची कड फुटक्या मडक्यासारखी येते. तुमच्या झाकणांपैकी नांगरानं आणि बैलांच्या पायांनी चेपलेली एवढ्यावरच गळून जातील.

नंतर कॉइल हळूहळू वर उचलतो. नाण्याचा आवाज चार-सहा बोटांवर बारीक होत होत विझतो. गुडघ्याइतक्या उंचीवरही मशीन ओरडतच असेल तर खाली डबा आहे, पत्रा आहे, नाहीतर गाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा. मोठं लोखंड नेहमी घोगरं बोलतं असं नाही. मोठा, गंजलेला, सपाट पत्रा थेट नव्वदचा आकडा दाखवून फसवतो.

शेवटी पिनपॉइंटचं बटण दाबून जागा पक्की करतो, मातीवर बोटानं फुली मारतो, पाव फेरी फिरून परत पिनपॉइंट करतो. दोन्ही फुल्या एकावर एक आल्या तर वस्तू आटोपशीर आहे. दुसरी फुली चार बोटं बाजूला सरकली तर बहुतेक खिळा. लांब लोखंडाच्या टोकावर मशीन चांगलं बोलते आणि जागाही चुकीची दाखवते.

तुमच्या पळसाच्या फांदीकडे येतो. एका दिशेनं गोड, दुसऱ्या दिशेनं घोगरं, हे लक्षण साधारणपणे खिळ्याचं. दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं, सोडून द्या. पण आपल्या मातीत सोडू नका, त्याला दोन कारणं आहेत. खिळ्याच्या शेजारी नाणं असेल तर लोखंड त्याचा आवाज खातं. एका बाजूनं गेलं की नाणं बोलतं, दुसऱ्या बाजूनं खिळा पुढे येतो. दुसरं कारण आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात जाईल इतक्या. पैसा त्या भेगेत पडला तर उभाच्या उभा अडकतो. पावसाळ्यात माती फुगते, भेग मिटते, पैसा तसाच उभा राहतो. उभा पैसा कॉइलच्या अगदी मधोमध आल्यावर कमी बोलतो आणि दोन्ही कडांना जास्त, त्यामुळे एकाच वस्तूचे दोन आवाज ऐकू येतात. फरक इतकाच, की उभ्या नाण्याचा आवाज तुटक असला तरी सहसा बारीकच राहतो, खिळा कुठल्यातरी कोनातून घोगरतोच. तुमचा घोगरतो आहे, म्हणजे खाली लोखंड नक्की आहे. त्याच्या सोबतीला काही आहे का, ते लोखंड बाहेर काढल्याशिवाय कळणार नाही.

ग्राउंड बॅलन्सला हात लावला नाही म्हणता, तर तो उद्याच लावा. आपली माती बेसाल्ट खडकाची, तिच्यात मॅग्नेटाइट या चुंबकी खनिजाचे कण असतात. मशीनला जमीनच लोखंडासारखी ऐकू येते आणि खोलवरच्या चांगल्या नाण्याचा आकडा ती लोखंडाकडे ओढून नेते. धातू नसलेली जागा शोधा, कॉइल जमिनीपासून बोटभर ते वीतभर वर-खाली करत राहा आणि आवाज सपाट होईपर्यंत बॅलन्स लावा. काळीतून मुरमाड पट्ट्यात गेलात की परत करा. तरीही मशीन किटकिट करत असेल तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा. गोंधळाशिवाय चार बोटं खोल ऐकू येणं हे गोंधळात वीतभर खोल ऐकू येण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

लोखंड गाळायची सेटिंग अगदी कमी ठेवा. मी तर बंदच ठेवतो आणि घोगरा आवाज ऐकत चालतो. जुन्या वस्तीच्या आसपास लोखंड दाट असतं. मशीन गप्प असली की जागा रिकामी वाटते, पण तिथंच खिळ्यांच्या गर्दीत पैसा दबलेला असतो. आवाज चालू असला की कुठं गर्दी आहे हे कानाला कळत राहतं, आणि तिथं चाल हळू होते.

खणताना सब्बल घालू नका. खुरप्यानं गोल काप घ्या, ढेकूळ अख्खं बाजूला काढा, आधी ढेकळावर मशीन फिरवा, मग खड्ड्यात. माती प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या, लोखंडी घमेल्यात मशीनला काहीच कळणार नाही. वस्तू निघाली तरी खड्ड्यावरून आणखी एकदा कॉइल फिरवल्याशिवाय बुजवू नका.

सोन्या-चांदीच्या डागाबद्दल, म्हणजे दागिन्याबद्दल, एक ओळ, कारण कोणीतरी विचारेलच. सोन्याचा मणी पन्नीच्या घरात येतो, आणि जोडव्याचं वेढं उघडं असेल तर चांदी असूनही आकडा बराच खाली उतरतो, कारण प्रवाहाला पुरा फेरा मिळत नाही. हरवलेला डाग शोधताना मी बारीक आवाजाचं एकही ठिकाण सोडत नाही, आकडा काहीही असो.

जुनी नाणी, अमरावती

मिस्त्रीभाऊंनी यंत्राची बाजू चांगली सांगितली. नाण्यांच्या बाजूनं दोन गोष्टी जोडते.

तुमचा तालुका मंगरूळपीरला लागून आहे. मंगरूळपीर भागातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता, आणि इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा तो भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. म्हणजे तुमच्या भागातल्या पांढरीत शिवराईच्याही फार आधीचं काही असू शकतं.

हे सांगायचं कारण आकड्याशी जोडलेलं आहे. तऱ्हाळ्याची नाणी पोटीनची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची. सातवाहनांनी शिशाचीही नाणी पाडली. हे धातू शुद्ध तांब्याइतके वीज वाहून नेत नाहीत, नाणीही लहान असतात. म्हणून ती ऐंशीत येणार नाहीत, तुम्ही ज्याला पन्नी आणि झाकण म्हणून शिव्या घालता त्याच पट्ट्यात येतील. फक्त वरचे आकडे खणायचे असं ठरवलं तर रिठाचा सगळ्यात जुना थर तुमच्या हातून निसटेल. 1907 पासूनचा नागमोडी कडेचा एक आणा क्युप्रो-निकेलचा, तोही मधल्या आकड्यातच येतो. 1943 ते 1947 चा भोकाचा पैसा ब्राँझचा, पण हलका आणि मधे पोकळ, म्हणून पाव आण्याच्या खाली.

दुसरी गोष्ट कळकळीनं सांगते. निघालेलं नाणं चिंचेनं, लिंबानं, राखेनं किंवा भांड्याच्या पावडरीनं घासू नका. तांब्यावर चढलेला हिरवट-काळा थर हेच त्याचं कवच असतं. तो निघाला की अक्षरं कायमची जातात. माझ्याकडे लोक घासून लख्ख केलेल्या शिवराया घेऊन येतात. "छत्रपति"मधला एक काना उरलेला असतो, बाकी सपाट तांबं. साध्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशनं माती सोडवा, सावलीत वाळवा, बस. आणि प्रत्येक नाण्याचा पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, कोणत्या धुऱ्यापासून किती पावलांवर, किती खोल निघालं ते लिहा. जागा माहीत नसलेलं नाणं गावाबद्दल फार थोडं सांगतं. देवघरातल्या शिवराईची जागा वडिलांना आठवत असेल तर तीही आजच लिहून ठेवा.

निवृत्त तलाठी

कायद्याचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

1878 चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती काय आहे, कुठं आणि कोणत्या तारखेला सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. जमीन स्वतःची असली तरीही. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मडक्यात, गाडग्यात एकत्र नाणी दिसली तर पुढं खणूच नका, हात थांबवा आणि तहसील कार्यालयात अर्ज द्या. साठा ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत पुरातत्त्व विभागाच्या माणसाला दिसला पाहिजे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं. संरक्षित स्मारक किंवा पुरातत्त्व स्थळ असेल तिथं मशीन नेऊच नये. रिठाच्या पांढरीवर जात नाही म्हणालात, ते योग्यच आहे, तसंच राहू द्या.

आणि गावाची बाजू पहा. आपल्याकडे हातात असलं मशीन दिसलं की गुप्तधनाची कुजबुज सुरू होते. पायाळू माणूस, मांत्रिक, बळी, या नादात विदर्भात माणसांचे जीव गेले आहेत, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आला. तुमचं काम स्वच्छ आहे, पण ते लोकांना दिसलं पाहिजे. पोलीस पाटलांना आधी सांगा, दिवसाढवळ्या फिरा, रात्री कंदील किंवा टॉर्च घेऊन वावरात खणू नका, खड्डा त्याच वेळी बुजवा. कोणी विचारलं तर घमेल्यातला कचरा आणि वही दोन्ही दाखवा.

रिठावरचं वावर

सगळ्यांचे मनापासून आभार. पोलीस पाटलांना भेटून आलो. त्यांनी स्वतः वावरात येऊन मशीन पाहिली आणि त्यांच्या विहिरीजवळ दबलेला व्हॉल्व्ह शोधून द्यायला सांगितलं.

ग्राउंड बॅलन्स लावल्यावर किटकिट अर्ध्याहून जास्त कमी झाली. मग पळसाच्या फांदीपाशी गेलो. मिस्त्रीभाऊ म्हणाले तशी दोन वेळा फुली मारली, दुसरी फुली सरकली. खुरप्यानं काप घेतला. चार बोटांवर नालेचा वाकडा खिळा निघाला, गंजून मातीचा गोळा झालेला. खड्डा बुजवायच्या आधी परत कॉइल फिरवली, तर आता घोगरा आवाज नाही, दोन्ही दिशांनी 57-58, बारीक आणि तुटक. आणखी दोन बोटं खाली, खड्ड्याच्या भिंतीत, मातीत उभा रुतलेला नागमोडी कडेचा एक आणा. राजाचा मुकुट दिसतो, साल 191 पर्यंत वाचता येतं, शेवटचा आकडा मातीखाली आहे. घासलेलं नाही. पाण्यात ठेवला आहे. जागा लिहिली: पूर्वेच्या धुऱ्यापासून, मोठ्या बाभळीच्या रेषेत.

शिवराई देवघरातून काढायला आईनं आधी नकार दिला. मग ती स्वतःच घेऊन अंगणात आली आणि मशीन फिरवत असताना जवळ उभी राहिली. आकडा 83, चारी बाजूंनी. वडिलांनी जागाही दाखवली, ती रिठाकडच्या कोपऱ्यात आहे. आता तिथंच हळूहळू पट्टे पाडून फिरणार आहे.

एक शेवटचं विचारतो. तो कोपरा धुऱ्यालाच लागून आहे, म्हणजे झाकणंही तिथंच सगळ्यात दाट. पाऊलभर जागेत तीन-तीन आवाज एकमेकांत मिसळतात. तिथं कसं करू?

मोटार मिस्त्री (कारंजा लाड)

खिळ्याखाली उभा आणा! लय भारी. 57-58 वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

धुऱ्याच्या कोपऱ्यात मोठी कॉइल चालणार नाही, एका वेळी तीन वस्तू तिच्याखाली येतात आणि मशीन तिघांचा मिळून एक आकडा सांगते. तुमच्या मशीनला पाच-सहा इंचाची छोटी कॉइल मिळत असेल तर भाच्याला घेऊन यायला सांगा. खोली थोडी कमी मिळेल, पण झाकणाशेजारचा पैसा वेगळा ऐकू येईल. छोटी कॉइल येईपर्यंत दोरी बांधून चार हात रुंदीचा पट्टा पाडा आणि त्या पट्ट्यातला बारीक आवाजाचा सगळा कचरा आधी काढून टाका, आकडा पाहू नका. झाकणं पोत्यात भरून भंगारवाल्याला द्या, परत धुऱ्यावर टाकू नका. मग तोच पट्टा आडव्या दिशेनं पुन्हा फिरा. दुसऱ्या फेरीत जे ऐकू येईल ते आधी झाकणांच्या आवाजाखाली दबलेलं असेल. तुमच्या मशीनवर शिवराई 83 ला येते, आणा 57 ला, आणि पोटीनचं नाणं त्याच्याही खाली उतरू शकतं, म्हणून 45 च्या वरचा एकही स्थिर आवाज त्या कोपऱ्यात सोडू नका.

मृगाच्या आत जेवढा पट्टा होईल तेवढा करा. पेरणी झाली की त्या वावरात पाय टाकता येणार नाही.